मंगळवारी औषध नको

आये, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, कर्जतच्या दवाखान्यातली माझी नोकरी सुटली, नेरळहून माथेरानच्या डोंगरावर आता एक छोटीशी आगगाडी चढते, आणि मी मात्र अजून सकाळी तोंड धुताना तुझ्याशी भांडतो. तुला वाचता येत नव्हतं आणि हा कागद टाकायला पत्ताही नाही, हे मला समजतं. पण परवा दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मनगट धरलं आणि म्हणाले, "कंपाउंडर, तुमची नाडी चुकते आहे. तुम्हाला मी काय सांगायचं?" मग जुन्या सवयीनं मीच कपाटाशी गेलो आणि माझी बाटली भरून घेतली. तोच हिरवट-तपकिरी अर्क, तोच गवत सडल्यासारखा वास. ती बाटली आता माझ्या उशाच्या फळीवर उभी आहे आणि तिच्याकडे बघितलं की मला तू आठवतेस. औषध घेताना नव्हे, औषधाकडे पाठ करून बसलेली.

जन्मभर मी लोकांना औषध वेळेवर घ्या म्हणून ओरडत आलो. कातकऱ्यांना ओरडलो, सावकारांना ओरडलो, एकदा तर मामलेदारांच्या सासूबाईंनाही ओरडलो. सगळ्यांनी ऐकलं. एक तू ऐकलं नाहीस. आणि ऐकलं नाहीस ते अडाणीपणानं असतं तरी मी समजून घेतलं असतं. तुला सगळं नीट कळलं होतं, ह्याचाच मला जास्त संताप येतो.

तुला पहिल्यांदा कर्जतला आणलं तो दिवस मला लख्ख आठवतो. भातकापणी उरकली होती. तुझे पाय सुजलेले, चार पावलं चाललीस की धाप लागायची आणि आडवं होऊन झोपता येत नव्हतं, भाताच्या कणगीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायचीस. मी नेरळ स्टेशनापर्यंत तुला उचलून न्यायला तयार होतो. तर तू गाडीत बसायला नाही म्हणालीस. "त्या रुळांखाली मी दगुड टाकलेत, रं. त्याखाली मानसं किती गाडलीत ती मला म्हायीत हाय. मी नाय बसनार." झालं. बैलगाडी जोडली. पोशीरहून कर्जतपर्यंत तू प्रत्येक खाचखळग्याला गाडी हाकणाऱ्या दादाला शिव्या देत आलीस, आणि दवाखान्याच्या पायरीवर मात्र माझा सदरा घट्ट धरलास.

आमचे तेव्हाचे डॉक्टर देशावरचे होते, शांत स्वभावाचे, सगळ्यांना अहोजाहो करणारे. त्यांनी लाकडी नळी तुझ्या पाठीला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग विचारलं, "बाई, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आलता."

"फार दिवस होता?"

"लावनीला निजले ती झोडनीला उटले. गुडघ्याला डाग दिलेत, ह्ये बघा." आणि तू भर दवाखान्यात लुगडं वर करून गुडघे दाखवलेस. डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. हा सांध्यांचा ताप उतरतो, पण जाताना काळजाच्या आतली झडप खराब करून जातो. माणूस पुढे वीस-पंचवीस वर्षं नांगरतो, पाटी वाहतो, लेकरं जन्माला घालतो, त्याला काही कळत नाही. झडप मात्र आखडत जाते, रक्त तुंबतं, काळीज ताणलं जातं आणि शेवटी ताल सोडतं. त्यात मिश्री, उपास आणि अंगमेहनत ह्यांनी भर पडते. दारू पिणाऱ्याचंही असं होतं, काहींचं तर नुसत्या धसक्यानं होतं. पण तुझं कारण हे गुडघ्यांवरचे डाग सांगत होते. मी तुझ्या मनगटावर बोटं ठेवली. तोवर मी शेकडो नाड्या बघितल्या होत्या, तुझी कधी बघितली नव्हती. दोन बायका एका उखळात कांडत असाव्यात आणि एकीची पाळी सारखी चुकत असावी, अशी ती नाडी होती. कधी दोन ठोके एकावर एक, कधी मधेच काही नाही, मग एकदम धावाधाव.

तुला विचारलं, असं कधीपासून होतं? तू म्हणालीस, "ह्ये? ह्ये काय दुकनं नाय. ह्ये वारं हाय."

तुझ्या मते कारण निराळंच होतं. घाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा तू आणि बा ठाकूरवाडीच्या वर पाट्या वाहायला जायचात आणि मी पाळण्यात होतो. एके दिवशी सुरुंग उडाला तेव्हा तू जवळ होतीस. त्या आवाजासरशी तुझ्या छातीत पाखरू फडफडायला लागलं, हातातली पाटी गळाली, आणि तू घुमायला लागलीस आणि देवीच्या आवाजात म्हणालीस की ह्या जागी कुणी थांबायचं नाही. सगळी टोळी तिथून हलली. गावात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडून शेवटी त्या जागेवर अर्धा डोंगर कोसळायचा. शाळेत जायला लागल्यावर मी तुला विचारलं होतं, खरंच कोसळला का गं डोंगर? तू चुलीत फुंकर घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "नाय पडला. काय बी नाय पडलं. मी कदी म्हनलं पडला म्हनून?" मग तू लोकांना तसं सांगत का नाहीस म्हटल्यावर म्हणालीस, "ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. कुनी विचारतच नाय."

हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं. पुढचं सगळं भांडण ह्याच एका गोष्टीवरून झालं.

ज्याच्या अंगात येतं त्याला आपल्याकडे झाड म्हणतात. तू गावदेवीचं झाड होतीस. मंगळवारी दुपारी जेवणं उरकली की आपल्या अंगणात बायका जमायच्या. धूप घातला जायचा, शेजारचा म्हातारा ढोल घेऊन बसायचा, आणि तू केस सोडून पाटावर बसायचीस. बा गेल्यापासून तुझं कपाळ उघडं होतं, हळदीकुंकवाला तुला कुणी बोलावत नव्हतं, बाळंतिणीच्या न्हाणाला तू मागे उभी राहायचीस. पण मंगळवारी त्याच बायका रांगेनं येऊन तुझ्या कपाळावर मळवट भरायच्या, कारण ते कुंकू देवीचं. मग ढोल वाजायला लागायचा. तुझ्या गळ्याची शीर उडताना मला दाराआडून दिसायची. वारं यायचं. आणि मग ती बोलायची.

काय बोलायची, हे मला सगळ्यांत जास्त खटकायचं. गावदेवीला पावसापाण्याची, रोगराईची फारशी काळजी नव्हती. तिला कोण सुनेला उपाशी ठेवतो, कोण बाळंतिणीला चिखलात लावणीला उभी करतो, कोण दारू पिऊन बायकोचा दात पाडतो, ह्याची खडान्‌खडा माहिती. "बाळंतीन सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याभायेर पडली तर तुज्या गोठ्यात एक जनावर ऱ्हानार नाय," असं तिनं एकदा पाटलाच्या घराला सुनावलं आणि पाटीलही घाबरला. मी शिकलेला, मला हसू यायचं. मी वहिनीला म्हणायचो, देवी पाणवठ्यावर बरंच ऐकत असणार. वहिनी म्हणायची, "भावजी, पानवट्यावर आमी बी आसतो. आमचं कोन ऐकतो?"

तर त्या दिवशी डॉक्टरांनी तुला थेंब दिले. कुठल्याशा विलायती झाडाच्या पानांचा अर्क, डिजिटॅलिस म्हणतात. ते पान म्हणजे विषच, पण मापात दिलं की पळणाऱ्या काळजाला आवरतं. मी तुला चारचारदा समजावलं. थेंब मोजून, पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. नाडी फारच मंद झाली, ओकारी आली किंवा डोळ्यांना सगळं पिवळं दिसायला लागलं तर ताबडतोब थांबायचं, कारण हे औषध अंगात साठत जातं. तू म्हणालीस, "भात पिकल्यावर समदं पिवळंच दिसतं." डॉक्टर हसले. मी नाही हसलो. मी थेंब वहिनीच्या हवाली केले आणि सुट्टी मिळेल तेव्हा नेरळला उतरून, पायी पोशीरला येऊन तुझी नाडी बघायला लागलो.

आणि काय गुण आला, आये! तो हिवाळा मला आठवतो. तुझ्या पायांची सूज ओसरली. तू आडवी होऊन झोपायला लागलीस, आणि घोरायलाही लागलीस, दादा कुरकुर करायचा. वालाच्या शेंगा तोडायला बांधापर्यंत जाऊन यायचीस. मनगटावर बोटं ठेवावीत तर ठोका संथ, पडेल तो ठरल्यासारखा पडणारा. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ज्या घरात आजवर अंगारा सोडून औषध आलं नव्हतं, त्या घरात मी माझ्या हातानं नेलेल्या बाटलीनं माझी आई बरी होत होती. मला असं वाटत होतं की माझं शिकणं आता कुठं सार्थकी लागलं.

वहिनीनं पहिल्यांदा सांगितलं ते दबक्या आवाजात, मी पाय धुत असताना. "भावजी, माऊली येत नाय."

मी म्हटलं, "छान झालं."

ती बादली तशीच टाकून आत गेली. मग मला हळूहळू समजलं. मंगळवारी बायका जमत होत्या, धूप घालत होत्या, मळवट भरत होत्या. म्हातारा हात दुखेपर्यंत ढोल बडवत होता. तू पाटावर बसून असायचीस, केस मोकळे, डोळे मिटलेले, आणि काळीज संथ. काही होत नव्हतं. शेवटी तू डोळे उघडून म्हणायचीस, "आज नाय आली बाय. जा घरी." असं मंगळवारमागून मंगळवार चाललं. हळूहळू बायका कमी झाल्या. मग ढोल वाजवणारा म्हातारा खोकल्याचं निमित्त सांगून यायचा बंद झाला. एका मंगळवारी मी घरी होतो. तू अंगण सारवून पाट मांडून बसलीस आणि कुणीच आलं नाही. बऱ्याच वेळानं तू पाट उचलून आत नेलास आणि कपाळावरून पदर फिरवलास, तिथं पुसायला काही नव्हतं तरी.

मला तेव्हा वाईट वाटलं, हे मी इथं लिहितो. पण त्याहून जास्त मला वाटलं की सुटली एकदाची. मी तुझ्याजवळ ओट्यावर बसलो आणि अगदी शहाण्या माणसासारखं तुला समजावलं, की आये, ती देवी नव्हती. ते तुझं काळीज होतं. काळीज धावायला लागलं की डोक्यात रक्त नीट पोचत नाही, अंधारी येते, अंग कापतं, आणि तुला वाटतं वारं आलं. आता काळीज जागेवर आहे म्हणून वारं नाही.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आसंल. पन ती कुठनं येते ते तू सांगितलंस. बोलते कोन, ते नाय सांगितलंस."

मी आजवर चार डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं, एकालाही हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मग तू तोडगा काढलास. तो आठवला की मी अजून कपाळावर हात मारतो. "तुजं औषद चांगलंच हाय रं. मी नाय म्हनते का? त्ये बुदवारपास्नं सोमवारपातूर घेते. मंगळवारी औषद नको." जसं काही ते औषध म्हणजे मासळी, वार बघून खायची! मी ओरडलो. आये, ते अंगात साठतं, असं एका दिवसात उतरत नाही. एक दिवस सोडून वारं येणार नाही, आणि वारं येईपर्यंत सोडलंस तर तुझ्या पायांत पुन्हा पाणी भरेल, तू मरशील. समजलं का? मरशील. तू म्हणालीस, "वरडू नको. शेजारी ऐकतात."

शेजारी, म्हणजे ते घर. आपल्या परसाला लागून असलेलं. त्यांनी खालापूरकडची सून केली होती, कोवळी पोर. तिचं पहिलं मूल आठवड्याभरात गेलं आणि सासूनं त्याचा सगळा दोष तिच्या पदरी घातला. त्या पोरीला माहेरी पाठवत नव्हते. माहेरचा माणूस दोनदा गाडी घेऊन आला, त्याला दारातून परत लावलं. ती दिवसभर कांडत असायची. वहिनीनं विहिरीवर तिच्या दंडावर उलथण्याचे चटके बघितले होते. तू तर उघड्या तोंडानं त्या सासूला सांगूनही आलीस, की पोरीला चार दिवस माहेरी धाड, नाहीतर ती विहीर जवळ करील. ती बाई तुला म्हणाली, "तू रांडाव बाय, आदी तुजं घर बघ." आणि हीच बाई देवीपुढं मात्र नाक घासायची. अख्ख्या गावात ती फक्त तुझ्या मंगळवारला भ्यायची.

एका दुपारी ती पोर आपल्या परसात आली. मी होतो तिथं, थेंबांची नवी बाटली घेऊन आलो होतो. ती तुझ्यापुढं बसली, ओटीतून एक नारळ काढून जमिनीवर ठेवला आणि विचारलं, "माऊली कवा येनार?" तू म्हणालीस, "येत्या मंगळवारी नाय. त्याच्या फुडल्या." ती उठून गेली. तू बाटली उचलून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "ही घिऊन जा."

मग आपण भांडलो. तसं भांडण मी आयुष्यात पुन्हा कुणाशी केलं नाही. मी म्हटलं, आये, तुला त्या पोरीला सोडवायचं आहे ना? सोडव. केस सोड, मान हलव, हुंकार दे, आणि जे बोलायचं ते बोल. औषध घे आणि घुम. कुणाला कळणार आहे? गेली इतकी वर्षं तू घुमतेस, तुला आवाज येतो, हातवारे येतात. ती सासू घाबरेल, पोर सुटेल, तूही जगशील. ह्यात कुणाचं काय जातं?

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी पोशीरचा नव्हेच, कुणीतरी चुकून अंगणात शिरलेला माणूस आहे. म्हणालीस, "देवीचं सोंग आनू? मी?"

"हो."

"डाक्टरकडं ऱ्हावून ह्ये शिकलास?"

मी म्हटलं, "माणूस जगवायचा असेल तर करावं लागतं."

"ती आली तर ती बोलंल. ती नाय आली तर मी कोन बोलनारी? मी एक रांडाव कुनबीन. माजं त्या बायनं ऐकलं का? नाय ना? मंग." आणि थोडं थांबून म्हणालीस, "कुनाला नाय कळनार म्हनतोस. मला कळंल ना, रं."

आता सांग, मी ह्या बाईचं काय करायचं होतं? देव मानणारी तू, आणि खोटं बोलायला तयार होतो मी. थेंब भातात कालवून द्यावेत असंही माझ्या मनात आलं होतं. ते इतके कडू की तू पहिल्या घासाला ओळखून ताट माझ्या अंगावर फेकलं असतंस. दादानं हात वर केले. वहिनी रडत होती, पण मला दिसत होतं की ती माझ्या बाजूची नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "रोग्याचं तोंड जबरदस्तीनं उघडता येत नाही. त्यांच्याजवळ राहा."

म्हणून मी राहिलो. तो मंगळवार आला तोवर तुझे पाय पुन्हा फुगले होते आणि तू पुन्हा कणगीला टेकून बसून झोपत होतीस. अंगण भरलं होतं. म्हातारा खोकला विसरून ढोल घेऊन आला होता. बायकांनी तुझ्या कपाळावर मळवट भरला, आणि मी सगळ्यांच्या देखत पाटाशेजारी बसून तुझं मनगट धरलं. ढोल सुरू झाला. सुरुवातीला नाडी नुसती अडखळत होती. मग बोटांखाली काहीतरी सुटलं. मी आजवर हजारो नाड्या धरल्या असतील, तसली पुन्हा लागली नाही. मोजता येत नव्हती, धरता येत नव्हती, नुसती थरथर. तुझा हात थंड पडला, ओठ निळे झाले, आणि मी ओरडणार, थांबवा हे, एवढ्यात तू बोललीस. तुझा आवाज मी चाळीस घरांतून ओळखला असता. तो तुझा नव्हता.

"पोरीची गाडी अडवली कुनी?"

ती सासू उभ्या जागी मटकन बसली. देवीनं तिला शिव्याशाप दिले नाहीत, जनावरं मारायची धमकी दिली नाही. एवढंच म्हणाली, "माजी लेक हाय ती. सकाळी गाडीत बसव. तुज्या हातानं बसव. तिला यायाचं आसंल तवा ती यील, तू नाय बोलवायाचं." सासूनं जमिनीला डोकं टेकलं. ती पोर मागे कुठंतरी उभी होती, ती रडतही नव्हती, नुसती बघत होती. मग तुझं मनगट माझ्या हातातून निसटलं आणि तू माझ्या मांडीवर कलंडलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खालापूरच्या वाटेला लागली. सासूनं स्वतःच्या हातानं पोरीला बसवलं. तू दारात बसून बघितलंस, तुझ्या कपाळावर कुंकवाचा डाग तसाच होता. मग माझ्याकडे हात पुढं केलास आणि म्हणालीस, "आन तुजं हिरवं पानी."

मी दिलं. पण काळीज एकदा असं उधळलं की पुन्हा तितकं ताळ्यावर येत नाही. थोडा गुण आला, मग तोही राहिला नाही. तू होळीच्या आधी गेलीस, भर दुपारी, कणगीला टेकून, वाल सोलता सोलता. वहिनीला वाटलं तू झोपलीस. मी आलो तेव्हा सूप तुझ्या मांडीवर तसंच होतं.

परवा नव्या डॉक्टरांना मी तुझी सगळी हकिगत सांगितली, वारं सोडून. औषध सोडलं नसतं तर किती जगली असती? ते म्हणाले, झडप इतकी आखडलेली असेल तर औषध घोडा आवरतं, रस्ता नीट करत नाही. काही वर्षं मिळाली असती, किंवा नसतीही. हे ऐकून माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. ती काही वर्षं मला हवी होती. माझी लेकरं तुला बघायला मिळाली असती. त्या पोरीवर माझा राग नाही. ती दोन पावसाळ्यांनी आपण होऊन परत आली, नवऱ्याला वेगळं घर घ्यायला लावलं, आता तिला नातवंडं आहेत. खोकल्याचं औषध न्यायला माझ्याकडे यायची, तेव्हा बाटली घेण्याआधी माझ्या हाताला हात लावून तो कपाळाला लावायची. मला ते आवडायचं नाही आणि तिला नको म्हणवतही नसे. माझा राग तुझ्यावर आहे. तुझ्या त्या "मला कळंल ना" वर आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस मरतं का, आये?

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. सुनेला कळलं तर ती म्हणेल, मामंजींना म्हातारचळ लागला. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती सांगायलाच मी बसलो असेन. धडधड सुरू झाली की मी बाटलीचं बूच लगेच काढत नाही. मनगटावर बोटं ठेवतो, डोळे मिटतो आणि जरा थांबतो, कुणी काही बोलतं का ते बघायला. तू बोलशील असं मला वाटतं, दुसरं कुणी नाही. अजून कुणी बोललेलं नाही. आलीस असं म्हणून घ्यायचा मला फार मोह होतो, आये. कुणाला कळणार आहे? मग मी बूच काढतो आणि थेंब मोजतो.